पस्तीस आडव्या, एक उभी

आमच्या घरात वाईनच्या पस्तीस बाटल्या आहेत आणि पिणारा माणूस एकही नाही. हे वाक्य मी नव्या ओळखीच्या माणसाला सांगितलं की पहिल्या अर्ध्यात तो खुर्ची जवळ ओढतो आणि दुसऱ्या अर्ध्यात घड्याळ बघतो. त्यातून आमचं सोमेश्वरनगर म्हणजे साखर कारखान्याचं गाव. हंगामात इथल्या हवेलाच मळीचा असा वास असतो की पाहुण्यांना वाटतं, अख्खं गाव सकाळीच एकेक घोट घेऊन कामाला लागलं आहे. अशा ठिकाणी एका बँकेतल्या कारकुनानं बाटल्या आडव्या ठेवायचं लोखंडी कपाट स्वतः डोकं लढवून बनवावं, आणि स्वतः मात्र चहावर राहावं, हे कुणाला पटत नाही. मलाही पटत नाही. पण झालंय खरं.

सगळ्याचं मूळ माझ्या बी.कॉम.मध्ये आहे.

2006 साल. मी बँकेत नवा, लग्नात नवा आणि जावई म्हणून तर कोराच. सासुरवाडी इंदापूर तालुक्यात, बोरीच्या अलीकडे. बोरी म्हणजे द्राक्षांचं गाव, त्यामुळे तिकडे वाराही द्राक्षबागेतूनच येतो. माझा मेव्हणा बापू एक दिवस एक करारनामा घेऊन आला. सरकारनं 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं होतं आणि त्यानंतर राज्यात वायनऱ्या पहिल्या पावसातल्या अळंब्यांसारख्या उगवत होत्या. त्यांतलीच एक बापूच्या दोन एकरांतली द्राक्षं ठरलेल्या भावानं, किलोवर, कित्येक वर्षं घ्यायला तयार होती.

"दाजी, तुम्ही शिकलेलं माणूस. जरा बघा."

शिकलेलं माणूस म्हटलं की माझा श्वास छातीत मावत नाही. मी करार दोनदा वाचला, कानावरची पेन्सिल काढून तीन ठिकाणी विनाकारण खुणा केल्या आणि म्हणालो, "बिनधास्त कर. खायच्या द्राक्षाचा भाव रोज वर-खाली. इथं भाव लेखी आहे." कॉमर्सच्या माणसाची 'लेखी' या शब्दावर तशीच श्रद्धा असते, जशी आमच्या सासऱ्यांची पांडुरंगावर. फरक इतकाच की त्यांना अजून पांडुरंगानं दगा दिलेला नाही.

सासरे, म्हणजे आबा, माळकरी. तुकोबांच्या पालखीबरोबर दर वर्षी पायी. त्यांना विचारल्याशिवाय बापू काय लावणार? आबा म्हणाले, "आपण द्राक्ष पिकवायचं. फुडं त्येचं कोन काय करतंय ते ज्येचं त्येच्यापाशी." जातीचं नाव होतं कॅबर्ने सोविन्यॉ. ते आबांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि शेवटी 'सावित्री' करून टाकलं. बागेला सावित्रीची बाग हेच नाव पडलं.

एक गोष्ट मात्र मी पाहिली नाही. करारात ती नव्हतीच. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि आत बिया. ते बाजारात नेलं तर गिऱ्हाईक एक मणी तोंडात टाकतं आणि बी थुंकून पुढे जातं. खायचं द्राक्ष विकलं नाही तर त्याचा बेदाणा तरी होतो. दातात बी कडकडणारा बेदाणा कोण घेणार? म्हणजे सावित्रीला एकच सत्यवान, तो म्हणजे ती वायनरी.

आणि सत्यवानाचं काय झालं ते तुम्हांला ठाऊकच आहे. 2008 साली जगात मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाईन प्यायला येणारी माणसं येईनात. वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्याच मालानं भरलेल्या, नवी द्राक्षं ओतायची कशात? नाशिककडं शेतकऱ्यांनी बागाच्या बागा काढून टाकल्या. बापूनं 2010 च्या एप्रिलमध्ये काढली. भाव शेवटपर्यंत लेखीच राहिला, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बापू जीप घेऊन दारात उभा. मागे तीन खोकी. राहिलेल्या पैशांपोटी सध्या हे घेऊन जा, असं तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं. कागद काय केले हे मी विचारलं नाही. बँकेत राहून माणूस काय विचारावं यापेक्षा काय विचारू नये हे जास्त शिकतो.

"दाजी, घरात आबांची माळ हाय. हितं ऱ्हाऊ द्या."

'तुम्हीच सांगितलं होतं' हे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी मंदीवर अर्धा तास भाषण केलं असतं. तो म्हणाला नाही म्हणून मी मुकाट्यानं तिन्ही खोकी उचलून आत नेली. छत्तीस बाटल्या. एक भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस किलो. दोन एकर आणि चार वर्षं, आणि वजन एका क्विंटलच्या निम्मंही नाही.

हिनं खोकी पलंगाखाली सरकवली आणि वरून चादर जमिनीपर्यंत सोडली. मी दारू बाळगण्याचा परवाना काढून आणला. आपल्याकडे 1949 च्या कायद्यानं त्याला परवाना लागतो. तो देणाऱ्या कचेरीत, 'मी पीत नाही, मला फक्त ठेवायची आहे' असं सांगणारा इसम बहुधा मी पहिलाच असावा. समोरच्या माणसानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं आणि "पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," असं सांगून शिक्का मारला.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ घातला शेजारच्यांनी. ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. साखर, मळी, अल्कोहोल या त्यांच्या घरच्या गोष्टी. चादर जमिनीपर्यंत का सोडली आहे हे त्यांनी चहा पितापिता ओळखलं, खोकं ओढलं, आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"उभ्या ठेवल्यात? अहो, बूच वाळेल!"

मग त्यांनी मला बूचशास्त्र शिकवलं. बूच हे एका ओक झाडाची साल. आपल्या शाळेच्या आवारात पांढऱ्या वासाच्या फुलांचं जे बुचाचं झाड असतं ते हे नव्हे. हे झाड पोर्तुगाल-स्पेनकडचं. त्याची साल पहिल्यांदा काढायलाच पंचवीसेक वर्षं थांबायचं आणि पुढं दर नऊ वर्षांनी एकदा काढायची. (हे ऐकून मला पहिल्यांदाच ऊस हे घाईचं पीक वाटलं.) ही साल ओली राहिली की फुगून बाटलीचा गळा घट्ट धरते. वाळली की आकसते, फटीतून हवा आत शिरते आणि वाईनचा हळूहळू शिरका होतो. म्हणून बाटली आडवी ठेवायची, म्हणजे आतली वाईनच बूच भिजवत राहते. शिवाय अंधार हवा, हादरे नकोत, आणि गारवा बारा ते पंधरा अंशांचा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि त्याहून मोठे कर्णे लावून रात्रभर घरासमोरून जातात, तेव्हा भिंतीवरचे पूर्वजसुद्धा फ्रेमसकट ताल धरतात. गारवा आणि शांतता या दोन कलमांवर आम्ही आधीच नापास होतो. गावात गार आणि निवांत जागा एकच, आमच्या बँकेची तिजोरीची खोली. पण तिथे ठेवायचं तर तारण म्हणून ठेवावं लागेल, आणि वाईन तारण घेऊन कर्ज द्यायला आमचे साहेब तयार होतील असं वाटेना. तेव्हा आडवं ठेवणं एवढंच हातात होतं. मी ठरवलं, बापूचं मी आणखी काही वाळू देणार नाही.

करंजेपुलाच्या सुतारमिस्त्रींना बोलावलं. पैसे भरण्याच्या स्लिपेच्या पाठीमागे मी नकाशा काढून दिला. मिस्त्रींनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"बाटली आडवी? सांडंल की."

"बूच आहे."

"बूच हाय मग उभी ऱ्हाऊ द्या की."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. तरी त्यांनी करून आणलं. एक फळी, तिला आठ-आठ सेंटिमीटरची गोल भोकं, मागे बाटलीच्या बुडाला पट्टी. बाटली मी त्यांना एकच मापाला दिली होती, लाल वाईनची. ताठ खांद्यांची, सडपातळ, साडेसात सेंटिमीटर जाड. बारा लाल बाटल्या सुरेख बसल्या. तेराव्याला घोडं अडलं. पांढऱ्या वाईनच्या बाटलीचे खांदे उतरते आणि कंबर साडेआठ. बुडबुड्यांच्या वाईनची तर नऊ, वर जाड काच आणि बुचाला तारेचं मुसकं. म्हणजे घरात एक सडपातळ, एक मध्यम आणि एक पैलवान, आणि सदरे सगळे एकाच मापाचे शिवलेले! मिस्त्री म्हणाले, "पैलवान तुमी दाखवला नव्हता." खरं होतं. ती फळी अजून आहे. हिनं त्यात लाटणी आणि छत्र्या खोचल्या आहेत.

दुसरा प्रयोग फुलीचा. मोठी चौकट, आत तिरक्या फळ्यांची फुली, झालेल्या त्रिकोणांत बाटल्या रचायच्या. दिसायला झकास. पण रचलेल्या बाटल्या या आमच्या खात्यातल्या बढत्यांसारख्या असतात. खालचा एक हलला की वरचे सगळे घरंगळतात. रात्री दोन वाजता पैलवान हलला. फुटलं काही नाही, गादीवर पडल्या, पण त्या गादीवर मीही होतो.

मग मी अभ्यासाला बाहेर पडलो. पाटस-बारामती रस्त्यावर रोटी गावाजवळ तेव्हा नवी वायनरी उभी होती, युरोपातल्या वाड्यासारखी. (बापूचा करार हिच्याशी नव्हता.) गावाचं नाव रोटी आणि धंदा वाईनचा, म्हणजे अर्ध्या जगाचं जेवण तिथेच झालं. तुकोबांची पालखी याच रोटीच्या घाटातून चढते, आणि आबा दर वारीत टाळ वाजवत तिथून जातात. तळघरात ओकची लाकडी पिंपं ओळीनं आडवी झोपलेली पाहिली आणि मला हायसं वाटलं. निदान आडवं ठेवायचं वेड फक्त आमच्या केमिस्टसाहेबांचं नव्हतं.

परत येताना बापूकडं उतरलो. बाग होती तिथे उघडी जमीन, आणि बांधावर उपटलेल्या मांडवाचा ढीग. लोखंडी अँगल, तारांची वेटोळी, आणि ठिबकच्या मेन लाइनचे पाइप. पीव्हीसी, एकशे दहा मिलिमीटर. मी उगीच एका पाइपात हात घातला. आतून दहा सेंटिमीटरच्या वर. म्हणजे सडपातळ, मध्यम आणि पैलवान, तिघांनाही एकच पाइप!

हे मला सुचलं याचा मला इतका आनंद झाला की मी त्या उजाड रानात हसलो. बापूनं चमकून पाहिलं. मी घाईनं समजावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "न्या. पन उभं अँगल कापू नका दाजी. फुडं लागत्याल."

हिशेब माझा. बाटली तीस सेंटिमीटर लांब, पण पाइपाचा तुकडा चोवीसचा पुरे. गळा बाहेर राहिला तर ओढायला बरा. पाइप सहा मीटरचा, सहाशे भागिले चोवीस बरोबर पंचवीस तुकडे. निघाले चोवीस. हेक्साब्लेड दर कापाला दोन-तीन मिलिमीटर स्वतः खातं, हे कुठल्याच कॉस्ट अकाउंटिंगच्या पुस्तकात मला शिकवलेलं नव्हतं. दुसरा पाइप कापला. सहा रांगा, दर रांगेत सहा, सगळे मिळून छत्तीस. सहा पाइपांची रुंदी सहासष्ट सेंटिमीटर. उंचीही सहासष्ट, आणि वर हात घालायला थोडी मोकळी जागा. मधले पट्टे कापून जोडायचे, उभे चार अँगल मात्र तसेच सात फुटी ठेवायचे.

वेल्डरला मी रुंदी सांगितली, सहासष्ट. त्यानं सहासष्टच धरली. बाहेरून.

अँगल पाच मिलिमीटर जाड. दोन्हीकडचे मिळून एक सेंटिमीटर. आत उरले पासष्ट. सहावा पाइप बसेना. मी दाबला, केमिस्टसाहेबांनी दाबला, हिनं "साबण लावून बघा," असंही सुचवलं. वेल्डरला म्हटलं, उकलून पुन्हा जोड, तर लोडशेडिंग सुरू झालं, आणि वीज आली तोवर तो दुसऱ्या कामाला पार निरेला गेला होता. शेवटी रांगेत पाच पाइप आणि हाताच्या मोकळ्या जागेत सातवी रांग. पाच साते पस्तीस. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पाइप एकमेकांना बांधले, सडपातळ बाटल्या आत लोळू नयेत म्हणून खाली गोणपाटाच्या घड्या घातल्या. बाजूला दहा सेंटिमीटरची उभी फट राहिली. त्या फटीत काय बसावं? माझी बी.कॉम.ची पुस्तकं. तीन मजल्यांत अशी चपखल बसली की जणू लेखकांनी मापं घेऊनच ती लिहिली होती. पाच वर्षांत माझ्या पदवीनं बापूला दिलेला हा पहिला भक्कम आधार.

आणि छत्तिसावी बाटली बाहेर राहिली. वरच्या पट्टीवर, उभी.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं तिच्याभोवती बसलो होतो. मी, बापू, केमिस्टसाहेब आणि निरेहून मजुरी न्यायला परत आलेला वेल्डर. उभी ठेवली तर बूच वाळणार, आडवी ठेवायला जागा नाही. केमिस्टसाहेब म्हणाले, "शास्त्राप्रमाणे हिला फोडावीच लागेल." बापूनं मुद्दाम लाल निवडली, त्याच्या जातीची. बूच काढायचं हत्यार कुणाकडेच नव्हतं. वेल्डरनं लाकडाचा स्क्रू पिळून पकडीनं ओढलं. स्टीलचे चार पेले. माझ्या पेल्यात मी जेमतेम चमचाभर घेतली, परवान्याचा मान राखायला.

तुरट. जांभळाची बी चावल्यावर जीभ जशी टाळ्याला चिकटते तशी.

वेल्डर बराच वेळ विचार करून म्हणाला, "कच्ची ऱ्हायली काय?"

केमिस्टसाहेब डोळे मिटून टॅनिनबद्दल बोलू लागले. आम्ही सगळे बापूकडे बघत होतो. चार वर्षं ज्याच्यावर औषधं मारली, छाटण्या केल्या, रात्री पाणी दिलं, ते तो पहिल्यांदाच चाखत होता. त्यानं पेला संपवला, उपडा ठेवला.

"साखर घालत न्हाईत व्हय?" तो म्हणाला.

साखर कारखान्याच्या गावात हा प्रश्न रास्त होता. सगळे हसले, बापूही हसला. मग जीपमध्ये बसताना मला हळूच म्हणाला, "दाजी, पन आंबली न्हाय. चांगली ठिवली तुमी." मी आत येऊन उगाचच पुन्हा एकदा सगळ्या पट्ट्या आवळल्या.

श्रावणात आबा आले. करंज्याच्या सोमेश्वराला सोमवारी दर्शनाला यायचं आणि आमच्याकडे मुक्काम, हा त्यांचा शिरस्ता. हिनं कपाटाला आपलं जुनं लुगडं नेसवून ठेवलं होतं. पण सात फुटी अँगल लुगड्यात झाकतात होय? वर चार लोखंडी टोकं छतापर्यंत उभी. आबा पाणी प्यायले, हात पुसत मागच्या खोलीत गेले आणि तिथेच थांबले. मी दारात. त्यांनी लुगडं बाजूला केलं नाही. फक्त एका अँगलवर हात फिरवला, वरच्या भोकात, जिथून मांडवाची तार जायची, तिथे बोट घातलं.

"ह्ये आपल्या बागंचं हायती."

"हो."

"सावित्रीच्या."

मला वाटलं, आता विचारणार की आत काय आहे. मी उत्तराची जुळवाजुळव केली, बुचापासून सुरुवात करावी की मंदीपासून. आबांनी माळेला हात लावला आणि म्हणाले, "काम झालं की परत पाठवा. बापूला लागत्याल."

काम झालं की, म्हणजे बाटल्या संपल्या की! ज्या घरात चमचाभर घेऊन सगळे टाळ्याला जीभ लावून बसले होते, त्या घरात पस्तीस बाटल्या संपल्यावर!

अँगल अजून परत गेलेले नाहीत. बापूनं त्या दोन एकरांत ऊस लावला, कर्ज हप्त्याहप्त्यानं फिटलं. शेवटच्या हप्त्याची नोंद माझ्याच हातून झाली आणि त्या दिवशी मी खात्याचा आकडा तीनदा तपासला. केमिस्टसाहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी सुरुवातीलाच सांगायला हवी होती: सगळ्याच वाईन जुन्या झाल्या म्हणून चांगल्या होत नाहीत, बहुतेक चार-पाच वर्षांतच प्यायच्या असतात. 2022 च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं आणि 'वाईन म्हणजे दारू की नव्हे' यावर महाराष्ट्रभर रण माजलं, तेव्हा हिनं मागच्या खोलीकडे पाहून विचारलं, "आपण कुठल्या बाजूचे?" मला सांगता आलं नाही.

दर 31 मार्चला मी कपाट पुसतो आणि बाटल्या मोजतो. मालाचं मूल्य धरताना खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, जे कमी असेल ते धरावं, असा नियम आहे. तो त्याच फटीतल्या मधल्या मजल्यावरच्या पुस्तकात आहे. पस्तीस बाटल्यांचा पस्तीस भांडी शिरका झाला असला तर बाजारभाव काय, हे बघायला एखादी तरी फोडावी लागेल.

गेल्या दिवाळीत बापू आला होता. केस पिकलेत आता. मागच्या खोलीत जाऊन नेहमीसारखा कपाटासमोर उभा राहिला. मी म्हटलं, "एक काढू का रे?"

त्यानं रांगेवर नजर फिरवली.

"नगं दाजी," तो म्हणाला, "पाइप रिकामा दिसंल."